चौथ्या खांबाचा खड्डा

“चौथा खांब हातभर अलीकडे घ्या,” गुळवणी काकू म्हणाल्या.

मी दोरी ताणून, काटकोनासाठी गुण्या लावून उभा होतो. तीन खड्डे काढून झाले होते आणि चौथ्याच्या जागी चुन्याची फुली मारली होती. सकाळचे दहा वाजले असतील. फाल्गुनातलं ऊन पाठीला चटके द्यायला लागलं होतं.

“हातभर अलीकडे घेतला तर मांडव वाकडा होईल, काकू.”

“झाला वाकडा तर काय होतंय? वेलाला कुठं कळतंय?”

“मला कळतंय ना,” मी म्हणालो आणि हसलो.

काकू हसल्या नाहीत. त्यांच्या हातात नेहमीचा तांब्या होता. त्या वाकल्या आणि त्यातलं सगळं पाणी त्यांनी सावकाश माझ्या फुलीवरच ओतलं. चुना पसरला, वाहून गेला. मग पदराने तांब्याची कड पुसून त्या मागच्या फाटकातून निघून गेल्या.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा सांगलीत आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग शिकवत होतो. सूत अन् सूत मोजायची सवय, आणि घरातलं कुठलंही काम दुसऱ्याला करू द्यायचं नाही ही खोड. नळ गळला तर मी, दाराची बिजागरी कुरकुरली तर मी, भिंतीला चुना लावायचा तर मीच. “यांचं म्हणजे आपला हात जगन्नाथ,” असं वृंदा, माझी बायको, आल्यागेल्याला सांगायची, आणि त्यात कौतुक किती आणि वैताग किती ते मी कधी विचारलं नाही.

घर गुळवणी मास्तरांकडून घेतलं होतं. तीन खोल्या, मागे न्हाणीघर आणि परसाची मोकळी जागा. मास्तर आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. “दोघांना एवढं घर कशाला?” असं म्हणून त्यांनी ते विकलं आणि दोन गल्ल्या पलीकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा उल्हास अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, बापाशी भांडून घरातून गेला होता, तो परत आला नव्हता. चिठ्ठी नाही, पत्र नाही. हे शेजारच्या सौंदलगे मावशींनी आम्हाला सामान उतरवतानाच सांगून टाकलं होतं.

आम्ही राहायला आल्यावर चौथ्या दिवशी काकू आल्या आणि वृंदाला म्हणाल्या, “मागच्या दारानं मला रोज जरा येऊ द्याल का? पाणी घालायला.” वृंदाला वाटलं, त्यांचं एखादं रोपटं असेल. ती हो म्हणाली. पण न्हाणीघराच्या कोपऱ्यापासून चार पावलांवर काकू जिथे पाणी घालायच्या तिथे काहीच नव्हतं. गवताची काडीसुद्धा नव्हती. नुसती ओली, काळी जमीन. रोज दहा वाजता त्या यायच्या, एक तांब्या ओतायच्या आणि जायच्या.

“डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या,” मी म्हणायचो.

“तुमचं काय जातंय?” वृंदा म्हणायची. “तांब्याही त्यांचा आणि पाणीही त्यांचंच.”

वृंदाला पाचवा महिना होता. आमची आधी दोन मुलं पोटातच गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात आणि दुसरं पाचव्यातच. डॉक्टरांनी जिना चढू नका, वाकू नका, काळजी करू नका असं सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टी मी सांभाळू शकत होतो. तिसरी कशी सांभाळायची ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी मांडव घालायला घेतला. मागच्या अंगणात चार लोखंडी खांब, वर पट्ट्या, त्यावर जाई चढवायची आणि खाली एक बाक. वेल चढेपर्यंत वरून झावळ्या टाकल्या की चैत्र-वैशाखात तिला सावलीत बसता येईल. पट्ट्या मी वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळात कापून आणल्या होत्या. सगळं मापात होतं. म्हणून तर हातभर अलीकडे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

काकू गेल्या आणि मी पहार हाणली. बाकीचे तीन खड्डे काढताना घाम फुटला होता, पण इथली जमीन रोजच्या पाण्याने लोण्यासारखी मऊ झालेली. दीड हातावर पहारीखाली काहीतरी खापरासारखं वाजलं. मी हाताने माती उकरली. एक छोटं मडकं होतं, तोंडावर मातीचा परळ झाकणासारखा उपडा घालून बसवलेला. पहारीने काठाचा टवका उडाला होता.

मी ते वर काढलं आणि परळ सरकवला. आत निम्म्यापर्यंत माती होती. त्या मातीत एक हिरवा पडलेला तांब्याचा पैसा, वाळून कोळशासारखी झालेली सुपारी, दोन बिब्बे आणि एक लोखंडी खिळा, गंजून फुगलेला.

आता सांगायला लाज वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना लोखंड बघून त्याचं वय सांगायला शिकवलं, त्याला तो खिळा बघून कळायला हवं होतं की हे पंचवीस-तीस वर्षं जुनं आहे. ते मला कळलंही होतं. पण बिब्बे आणि खिळा एकत्र बघितल्यावर माझं शहाणपण टिकलं नाही.

वृंदा दारात उभी होती. तिने बघितलं होतं.

“काय आहे हो ते?”

“काही नाही. जुनं मडकं आहे.”

ती पोटावर हात ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात कुंपणापलीकडून सौंदलगे मावशींनी मान वर काढली. त्या नेहमी तिथेच असायच्या.

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि बघून दोन पावलं मागे सरल्या. “हात लावला व्हय तुमी? अवो, ही करणी हाय. पोट राहिलेल्या बाईच्या घरामागं पुरत्यात असलं. आणि वर रोज पाणी घालून जिती ठेवत्यात.”

“मावशी, उगाच काहीतरी बोलू नका,” मी म्हणालो.

“मी कशाला बोलू? जिचं पोरगं गेलं तिला दुसऱ्याचं बघवत न्हाई, एवढंच सांगती. पाण्यात सोडून या. आणि येताना मागं वळून बघू नका.”

मी करणी मानत नव्हतो. आजही मानत नाही. पण वृंदाचा चेहरा मागच्या दोन वेळेला दवाखान्याच्या बाकावर झाला होता तसा झाला होता. मी मडकं पोत्यात गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि कृष्णेच्या घाटावर गेलो. घाटाच्या खालच्या अंगाला जिथे धार जोरात आहे तिथे उभा राहून ते लांब फेकलं. खडकावर आपटून फुटल्याचा आवाज आला. आणि हो, येताना मी मागे वळून बघितलं नाही. न मानणाऱ्या माणसाने तेवढं मात्र न चुकता पाळलं.

त्या रात्री वृंदाला शांत झोप लागली. मला वाटलं, चला, काम झालं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काकू आल्या. मी मुद्दाम रजा टाकून घरी थांबलो होतो. काय काय बोलायचं ते ठरवूनच ठेवलं होतं. त्यांनी फाटक उघडलं, चार पावलं टाकली आणि खड्डा बघून थांबल्या.

“काकू, उद्यापासून इकडे यायचं नाही,” मी म्हणालो. “तुम्ही वडीलधाऱ्या, म्हणून जास्त बोलत नाही. पण माझी बायको गरोदर आहे. तिच्या वाईटावर असलेलं माझ्या घरात चालणार नाही.”

त्यांना यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्या खड्ड्यात बघत होत्या.

“मडकं कुठाय?”

“नदीत टाकलं.”

“अख्खं?”

मी पहार उचलून भिंतीला टेकवली. त्या हळूहळू खाली बसल्या. तांब्या मात्र सरळच धरला होता. त्यातलं पाणी त्यांनी सांडू दिलं नाही.

“उल्हासची वार होती त्यात,” त्या म्हणाल्या. “मला माहेर नव्हतं. बाळंतपण इथंच झालं, मागच्या खोलीत. सुईणीनं वार मडक्यात घातली, पैसा-सुपारी घातली, दृष्ट लागू नये म्हणून बिब्बे आणि खिळा घातला आणि न्हाणीजवळ पुरली. माझ्या आंघोळीचं पाणी सव्वा महिना त्यावरनं जायचं. पुढं तो गेला तेव्हा मनात आलं, त्याचं इथं एवढंच तर राहिलंय. ती जागा सुकू द्यायची नाही, असं ठरवलं. ओली आहे तोवर तो कुठंतरी आहे.”

“मग तुम्ही आधी सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला होता. चूक आपली असली की माझा आवाज चढतो, अजूनही.

“वारेची जागा परक्याला सांगत नाहीत. कुणी त्याच्यावर काही करेल म्हणून.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. “तुम्ही तसे नाही, हे मला ठाऊक होतं. तरी सांगवलं नाही. म्हणून नुसतं हातभर अलीकडे घ्या म्हटलं.”

वृंदा कधी बाहेर आली मला कळलं नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली, खाली, वाकू नका सांगितलेलं असताना. काकूंनी तिच्या पोटाला हात लावला नाही. तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि उठून निघून गेल्या. तांब्यातलं पाणी तसंच भरलेलं घेऊन गेल्या.

त्या दुपारी मी कृष्णेच्या पाण्यात कमरेइतका उभा राहून चार तास शोधलं. एक खापर सापडलं. ते त्याच मडक्याचं की कुणाच्या अस्थींच्या मडक्याचं, ते सांगता येत नव्हतं. मी ते परत पाण्यात सोडलं.

संध्याकाळच्या आत मी मास्तरांच्या बिऱ्हाडी गेलो. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मास्तर मला बघून उठले, दार ओढून घेतलं आणि मला मागच्या नळापाशी घेऊन गेले. शिक्षा करायला वर्गाबाहेर नेतात तसा मी त्यांच्या मागून गेलो.

“मास्तर, माझ्या हातून फार वाईट झालं,” मी म्हणालो. “पण मी एक करतो. तसंच मडकं कुंभाराकडून आणतो. तिथेच पुरतो. काकूंना सांगतो, नदीत अडकलं होतं, सापडलं. उल्हास येईल तेव्हा येईल, तोवर त्यांचा आधार जायला नको.”

मास्तर नळाच्या तोटीकडे बघत होते. तोटी गळत होती. मला ती दुरुस्त करावीशी वाटली, इतका मी वाईट माणूस आहे.

“उल्हास यायचा नाही,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली. सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. काविळीनं गेला. त्याच्या ट्रंकेत शाळेचा दाखला निघाला, त्याच्यावर माझ्या शाळेचं नाव. त्या पत्त्यावर तार आली. मी पोचलो तेव्हा दवाखान्यात ठेवला होता. बरोबरीची चार पोरं होती. सगळं तिथंच केलं.”

“आणि काकू?”

“काय सांगू तिला? निघालो तेव्हा ती पाणी घालत होती. आलो तेव्हा पाणी घालत होती.” त्यांनी तोटी आवळून बघितली. “घर विकलं ते त्याच्यासाठीच. म्हटलं, जागा सुटली की पाणी सुटेल. पाणी सुटलं की एक दिवस सांगता येईल. तर ती दोन गल्ल्या चालत यायला लागली. चार वर्षं मी एकटा सुतकात आहे हो. घरात बायको असून एकटा.”

आतून काकू खोकल्या. मास्तरांनी दचकून दाराकडे बघितलं, आणि तसं दचकायची त्यांना किती सवय झाली असेल ते माझ्या लक्षात आलं.

“तुम्ही म्हणता ते करा,” ते अगदी हळू म्हणाले. “मडकं पुरा. सापडलं म्हणून सांगा. मला धीर नाही.”

मी ते केलं. कुंभारवाड्यातून मडकं आणलं, काजळी फासून जुनं केलं, काठाचा तेवढाच टवका उडवला. परळ तेवढ्याच मापाचा मिळवला. पैसा, सुपारी, बिब्बे आणि वर्कशॉपच्या भंगारातला एक गंजका खिळा आत घातला. दीड हातावर पुरलं, माती चोपली. आयुष्यात इतकं चोख काम मी दुसरं केलेलं नाही. वृंदा दारातून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, “बायकांना कळतं हो.” मी तिला गप्प बसायला सांगितलं.

निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता काकू तांब्या घेऊन आल्या.

“सापडलं,” मी म्हणालो. “खालच्या डोहात अडकलं होतं. जरा टवका उडालाय, बाकी अख्खं आहे. होतं तिथंच पुरलंय.”

काकू उकिडव्या बसल्या. चोपलेल्या मातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं, आता पाणी ओततील.

“तुम्ही परवा आमच्याकडं आला होता,” त्या म्हणाल्या. “नळापाशी उभे होता दोघं. ह्यांनी काय सांगितलं तुम्हाला?”

“काही नाही. माफी मागायला आलो होतो.”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही. ह्यांनाही येत नाही, पण ते चार वर्षं बोलतायत, म्हणून जरा सवय झालीय.” त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. “चार वर्षांमागं हे पुण्याला गेले. बोर्डाचे पेपर तपासायचेत म्हणाले. तेराव्या दिवशी आले. मिशी नव्हती. लग्नापास्नं मी ह्यांना मिशीशिवाय एकदाच बघितलं होतं. पेपर तपासायला मिशी काढावी लागते का हो?”

मी मान खाली घातली.

“सासरे गेले तेव्हा काढली होती, तेवढी एकच वेळ. मला तेव्हाच कळलं. दारात चप्पल काढत होते तेव्हाच. चहा टाकला. प्रवास कसा झाला विचारलं. ते बरा झाला म्हणाले.”

“काकू, मग तुम्ही त्यांना…”

“विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर मला पाणी बंद करावं लागलं असतं. मेलेल्याच्या वारेला कोण पाणी घालतं? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं मी आशेवर जगते. जगू दिलं त्यांनी. म्हणून मी रोज येत होते. एक दिवस चुकले असते तर त्यांना संशय आला असता.”

अंगणात ऊन वाढत होतं. आत वृंदाने भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि मी लाकडासारखा उभा होतो.

“परवापास्नं ते जेवलेले नाहीत,” काकू म्हणाल्या. “मडकं गेलं त्याचं मला नाही तेवढं त्यांना झालंय. आणि आता तुम्हालाही ह्यात ओढलंय त्यांनी.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “तुम्ही मेहनत केलीत. पण आता पुरे. जाते आणि विचारते त्यांना.”

“नका विचारू, काकू. ते सहन करायचे नाहीत.”

“एकट्यानं केलं की चार वर्षं,” त्या म्हणाल्या. “आता दोघं करू.”

त्या पुढच्या दाराने गेल्या, पहिल्यांदाच. जाताना तांब्यातलं पाणी वृंदाच्या तुळशीत रिकामं केलं. मी गच्चीवर गेलो. तिथून मास्तरांच्या बिऱ्हाडाचं दार दिसायचं. काकू आत गेल्या. दार लागलं. मी कान देऊन उभा राहिलो. हंबरडा ऐकू येईल, भांडणाचा आवाज येईल, काहीतरी येईल असं वाटलं. काही आलं नाही. अर्ध्या तासाने मास्तर बाहेर आले आणि पायरीवर बसले, शाळेतलं पोर बसावं तसे. मागून काकू आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मास्तरांचे खांदे हलत होते. काकू समोर रस्त्याकडे बघत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. गल्लीतून माणसं जात-येत होती. उल्हासचं सुतक त्या घरात त्या दिवशी लागलं.

आषाढात आम्हाला मुलगी झाली. धडधाकट. काकू बारशाला आल्या, कुंची घेऊन आल्या, पाळण्याची दोरीही ओढली. पण मागच्या अंगणात त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. आधी मास्तर गेले आणि दोन वर्षांनी काकू गेल्या. वृंदा म्हणते, तुमच्यामुळे त्या दोघांना मोकळेपणी रडता तरी आलं. ती माझ्या भल्यासाठी म्हणते.

मास्तर किंवा काकू माझ्या स्वप्नात कधी आलेले नाहीत. येतो तो उल्हास, ज्याला मी आयुष्यात बघितलेलं नाही. चैत्रातल्या दुपारी जेवून डोळा लागला की तो मागच्या फाटकातून आत येतो. मला त्याचं तोंड दिसत नाही. तो विचारतो, “आई कुठं पाणी घालायची?” मी त्याला घेऊन जातो आणि जागा दाखवतो. तो खाली बसतो, मातीला हात लावून बघतो.

“कोरडी आहे,” तो म्हणतो, आणि माझ्याकडे बघत राहतो.